कुंताची आफ्रिका

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता कुंताने तिसऱ्यांदा सांगितलं, की हो, तिथे घरात नळ आहे.

"घरात म्हंजे कुठी?" विळीवर मरळ कापत बसलेल्या देवकाबाईने विचारलं. "चुलीपाशी का न्हानीत?"

"दोन्हीकडं."

"बाप्पा! अन् पानी गोड का मचूळ?"

"गोड, आत्या. उसावानी गोड." कुंताने सूप इतक्या जोरात झटकलं, की कोंड्याबरोबर मूठभर तांदूळही अंगणात गेले.

सासूने माशाचं डोकं वेगळं करून परातीत टाकलं आणि पुढचा प्रश्न तयार ठेवला. आफ्रिकेतल्या टांगानिकाहून रजेवर आल्या दिवसापासून हा कारखाना अखंड चालू होता. उठलं की प्रश्न, जेवताना प्रश्न, नदीवर धुणं धुताना तर चार बायकांच्या साक्षीने प्रश्न. परसाकडे कुठे जाता, झाडलोट कोण करतं, तिथल्या माशांना काटे किती. कुंताच्या नाकी नऊ आले होते. एखाद्या दिवशी त्या मरळीच्या जागी आपणच विळीवर पडावं, म्हणजे सुटका होईल, असं तिला वाटे.

नळ, परसाकडं, मासे, या सगळ्यांच्या मुळाशी चंदा होती. कुंताची आठ वर्षांची मुलगी.

गोविंदा आलापल्लीच्या जंगलात लाकूड कापायच्या गिरणीवर काम शिकला. तिथल्या एका सरदारजी ठेकेदाराने त्याला आफ्रिकेत आपल्या भावाच्या गिरणीवर नेलं. बायकोमुलीसकट तो गेला आणि चार वर्षांनी पहिल्यांदा रजेवर आला. अहेरीपासून कोसभरावर, प्राणहितेच्या काठी, मासेमार ढिवरांच्या वस्तीतल्या या घरी पहिल्याच रात्री आईच्या हातचा मासोळीचा रस्सा ओरपता ओरपता त्याने शब्द देऊन टाकला, की जाताना चंदाला इथेच ठेवतो. आईचं म्हणणं असं, की पयलं नातवंड आजीचं. या घराची ती रीतच. गोविंदाही आजीपाशीच वाढला होता. शिवाय पोरगी शाळेत गुजराती बोलते, अंगणात तिथल्या कामगारांच्या पोरांशी त्यांची स्वाहिली बोलते. इथे राहून अहेरीच्या शाळेत गेली तर आपली बोली तरी टिकेल. गोविंदाने ही गोष्ट आधी शाळेच्या मास्तरांना सांगितली, मग गावाला, आणि सगळ्यांत शेवटी कुंताला.

कुंता भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. गोविंदा म्हणाला, "पाहू." आईपुढे मान हलवायची आणि बायकोपुढेही मान हलवायची, एवढाच व्यायाम तो रजेत करत होता. येत्या बाजाराच्या दिवशी बल्लारशाहची मोटार पकडायची होती, आणि त्याचं "पाहू" अजून संपलेलं नव्हतं.

तेव्हा कुंताने आपला मार्ग काढला. म्हातारीला एकच सिद्ध करायचं होतं, की तिथे लेकरू वाढवण्यासारखी जागा नाही. तर मग कुंताही तिला अशी आफ्रिका दाखवणार होती, की जिच्यात खोट म्हणून सापडू नये.

"साप असतीन तिथी," देवकाबाई म्हणाली. "जंगल हाय म्हनतं ना तू."

"साप नाई."

"जंगल हाय अन् साप नाई?"

"थंडी राह्यते लय. मरून जाते साप."

"अन् वाघ?"

"वाघ त इथी हायेत, आत्या. परवाच पाटलाची कालवड नेली ना? तिथी वाघ औषधाले नाई."

हे मात्र खरं होतं, आणि कुंताला त्याचं समाधान वाटलं. पण ओट्यावर पाय हलवत बसलेल्या चंदाने तोंड उघडलं.

"आई, गिरणीच्या मागे सिंबा आला होता ना? बाबा बंदूकवाल्याले बलावून आनले होते."

"सिंबा म्हंजे का वं?" आजीने विचारलं.

"कुत्रा," कुंता म्हणाली. "मोठा राह्यते तिथला कुत्रा. चंदे, जा, न्हानीतून पान्याचा गडवा घेऊन ये."

सिंबा म्हणजे सिंह, हे पक्कं ठाऊक असलेली चंदा आईकडे बघत बघत गेली. देवकाबाईने मरळीचा तुकडा पाण्यात बुडवून काढला. तिने काही ताडलं का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळणं कठीण होतं. चाळीस वर्षं बाजारात मासे विकलेल्या बाईचा चेहरा तो.

तेवढ्यात शेजारची रुखमाबाई विस्तव मागायला आली. खापरात निखारे घेतले की जावं, ही तिची पद्धत नव्हती. ती खांबाला टेकून बसली.

"का चालून राह्यलं सासूसुनेचं?"

"आफ्रिका चालून राह्यली," देवकाबाई म्हणाली. "मी म्हनतो, सारं हाय, पन शेजार? गोविंदा दिवसभर गिरनीवर. लेकराले ताप आला, हिच्याच पोटात दुखलं, त हाक मारू कोनाले?"

आता हा प्रश्न कुंताला टाळता आला असता. "आहेत कोणीतरी" म्हणून भागलं असतं. पण दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि रागाच्या भरात माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो.

"चार घरं हायेत मराठी. वळीनं," ती म्हणाली. "एक वर्ध्याची हाय. लय मायाळू. तिनं कालवन केलं की पयली वाटी माह्याकडं. दुसरी अमरावतीची, तिले गाने येते. दुपारी साऱ्याजनी माह्या दारात बसतो. कोनी तांदूळ निवडते, कोनी लेकराची वेनी घालते. वर्ध्यावालीची सासू बी असतेच कधी कधी. भांडन झालं की माह्याकडं येऊन सांगते मायमाऊली."

बोलता बोलता त्या बायका कुंतालाच आवडायला लागल्या. वर्ध्याच्या बाईला तिने एक ठेंगणा बांधा दिला, अमरावतीच्या बाईला पान खायची सवय दिली. सूप मांडीवर तसंच राहिलं. रुखमाबाईच्या खापरातल्या निखाऱ्यांवर राख धरली.

"एवढं सुख हाय," रुखमाबाई म्हणाली, "त देवकाबाई, तूच काऊन नाई जात? इथी कोन हाय आता तुह्यं? बुढा गेला, पोट्टा तिकडं. एकटीच भिताडं पाहत बसतं."

देवकाबाईचा हात विळीवर थांबला. तिने पदराच्या टोकाला बोटं पुसली, एकेक करून, सावकाश.

"जातो ना," ती म्हणाली. "मी का नाई म्हनतो? अशी जागा असन त पोट्टीले कायले ठेवून घेऊ? पोट्टी बी येईन, मी बी येतो."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कुंताला जे हवं होतं ते एका वाक्यात तिच्या पदरात पडलं होतं, चंदा येणार होती, आणि सोबत हे एवढं लोढणं. तिच्या डोळ्यांसमोर ती पत्र्याची खोली आली. दारात विळी घेऊन बसलेली सासू आली, हे काय नि ते काय विचारणारी. कुंता धास्तावली. आणि त्या धास्तीच्याच पोटात असं आशेसारखं काहीतरी वाटलं, की त्याला नाव द्यायची तिला भीती वाटली.

"आत्या, लय दूर हाय ते," ती कशीबशी म्हणाली.

"दूर त दूर. पान्याले भेवाले मी का बामनीन हावो?"

गोविंदा आला तेव्हा म्हातारीचा बेत बराच पुढे गेला होता. जाळं वस्तीतल्या इसरूला द्यायचं, मासेमारीचा डोंगा पुतण्याला, कोंबड्या रुखमाबाईला. गोविंदा सकाळपासून नदीवर डोंग्याला डांबर लावत होता. हात काळे, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. आईने उभ्या उभ्याच त्याला सगळं ऐकवलं.

"माय, पासपोट लागते," तो म्हणाला.

"कायचा पास? बापजन्म डोंगा हाकला आमी. पान्यावरून जायाले पास?"

"सरकारचा राह्यते. अन् तू करशीन का तिथी दिवसभर?"

"बसीन. वर्ध्यावालीसंग बसीन, अमरावतीवालीचं गानं आयकीन."

"कोन वर्ध्यावाली?" गोविंदाने विचारलं.

कुंताने त्याच्याकडे असं पाहिलं, की शहाण्या माणसाने तिथेच जीभ चावली असती. गोविंदा भला माणूस होता, शहाणा नव्हता.

"तिथी कुठी हाय मराठी घर?" तो म्हणाला. "गिरनीवर आमी एकच. बाकी सारे पंजाबी, नाईतर तिथलेच. एक गुजराती दुकानदार हाय, तो बी तीन मैलांवर."

रुखमाबाई उठली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कोणी न सांगता उठली असेल. खापर उचलून ती कुंपणाच्या फटीतून आपल्या अंगणात गेली.

"खोटं बोलली तू?" देवकाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "नळ बी खोटा?"

"नळ हाय," कुंता म्हणाली. "गिरनीत हाय. मी डोक्यावर आनतो पानी."

"अन् ह्या बाया?"

"नाई बाया!" कुंताने सूप आपटलं. "एक बी बाई नाई! भोंगा वाजला की हे जाते गिरनीवर, पोट्टी लारीत बसून शाळेत जाते, अन् मी राह्यतो पत्र्याखाली. संध्याकाळवरी तोंडातून शब्द निंघत नाई माह्या. भात करपला त करपला म्हनाले मानूस नाई. एक डाव त मी भिंतीले म्हनलं, का वं, आज का करू भाजी? माह्याच आवाजाले दचकलो मी."

"असं का बोलतं?" देवकाबाई म्हणाली. "मानसं त असतीन तिथी. नदीपल्याड सारी तेलंगी बोलतेत. निजामाच्या राज्यात बी मी तिकडं जाऊन मासे इकले. माह्यं कधी अडलं नाई."

"बाजार होते, आत्या. बोलनं नाई होत."

गोविंदा आपल्या हातांवरचं डांबर बघत होता. चार वर्षं ज्या घरात तो रोज संध्याकाळी येऊन जेवला, त्या घराची हकिगत तोही आजच ऐकत होता.

"शाळा सुटून पोट्टी येते ना," कुंता म्हणाली, आणि आता तिचा राग फाटून गेला होता, "तवा माह्या घरात आपली बोली येते. तिले मी रागावतो, ती मले उलटून बोलते, तवा मले वाटते मी जित्ती हावो. तिले ठेवून घ्या तुमी. तुमची रीत हाय त ठेवून घ्या. पन मंग मले बी ठेवून घ्या. भांडाले बी मानूस नाई तिथी. इथी आली तवापासून रोज तुमच्यासंग भांडतो अन् रोज रात्री झोप लागते मले."

चंदा न्हाणीच्या दाराशी गडवा घेऊन केव्हाची उभी होती. कोणी तिला बोलावलं नाही. कुंता डोळे न पुसता सांडलेले तांदूळ वेचायला लागली. खडे कुठले नि तांदूळ कुठले हे तिला दिसत नव्हतं, ती सगळंच गोळा करत होती.

देवकाबाईने उरलेली मरळ कापली. तुकडे धुतले, मीठ-हळद लावून झाकून ठेवले. विळी धुऊन भिंतीला लावली. हे सगळं तिने रोजच्यासारखंच केलं, फक्त एकही प्रश्न विचारला नाही. मग ती लेकाकडे वळली.

"मास्तरकडं जाऊन ये. पोट्टी जाते म्हनावं."

"पन माय," गोविंदा म्हणाला, "तूच त म्हनत होती, एकटीनं करमत नाई..."

"माह्यं का?" ती म्हणाली. "मले भांडाले अख्खं गाव पडलं हाय."

असं म्हणून तिने माशाच्या पाण्याची परात उचलली आणि कुंपणाकडे गेली. पाणी आळ्यात ओतलं. मग कमरेवर हात ठेवून, वस्तीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात तिने सुरुवात केली.

"रुखमे! कुंपनाची काडी कोनं काढली वं? चुलीत घातली का? माह्या कुंपनावर तुह्या घरची चूल पेटते का? फुकटाचा इस्तो न्याचा अन् वरतून माह्यंच कुंपन मोडाचं!"

कुंपणाला ती फट गेल्या उन्हाळ्यापासून होती. दोन्ही घरच्या बायका तिच्यातूनच जायच्या यायच्या. कुंताने तांदूळ वेचणं थांबवलं. आता पलीकडून सात पिढ्यांचा उद्धार होणार, हे वस्तीतल्या कुणालाही सांगता आलं असतं, कारण रुखमाबाईने आजवर सख्ख्या सासऱ्याचंही ऐकून घेतलेलं नव्हतं.

"चुकलं माह्यं, बाई," कुंपणाआडून सगळं ऐकलेल्या रुखमाबाईचा हलका आवाज आला.

देवकाबाई तशीच उभी राहिली. मग तिने कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला.

"चुकलं कायचं?" ती ओरडली. "भांड ना वं!"