व्हर्नाची सहा जास्तीची मतं

आमच्या मिशिगनमधल्या गावात वहीत मतदारांच्या सह्या दोनशे बारा, पण मशीनवर मतं दोनशे अठरा निघाली. हरलेला उमेदवार डॉइल म्हणाला, "व्हर्ना, सहा मतं काय आभाळातून पडली?"

तीस वर्षं निवडणूक सांभाळणाऱ्या व्हर्नाने मतपत्रिका हाताने मोजल्या. दोनशे बाराच भरल्या. मशीनने उमेदवारांच्या यादीतल्या पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला तीन मतं जास्त दिली होती.

व्हर्ना खुर्चीत टेकली. "अरे, ही सोमवारी मशीन तपासायला मीच एक-दोन-तीन अशी टाकलेली चाचणीची मतं. नंतर मशीन शून्यावर आणायचंच राहिलं."

"म्हणजे चोरी नाही?"

"नाही रे. वेंधळेपणा."

व्हर्नाचा जीव भांड्यात पडला. डॉइलचा तिच्याही आधी. यादीत तिसरा तोच होता. चोरी निघाली असती, तर निम्मा माल त्याच्याच घरात सापडला असता.