बत्तीस पानांची आवड

ग्रंथपालसाहेबांना घरच्यांनी वळण म्हणून लावलेलं नाही, असं आक्कानं ठरवून टाकलं, आणि त्याला कारण तो फळा.

वाचनालयाच्या दाराशीच साहेबांनी तो टांगला होता: ‘आमचं आवडतं पुस्तक’. त्यावर कर्मचाऱ्यांच्या चिठ्ठ्या, शेजारी फोटो. साहेब सगळ्यांच्या वर, बत्तिशी दाखवत. खाली नोंदी करणारी बाई. इतकंच काय, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपणारा पहारेकरीही होता. नव्हती ती फक्त आक्का. बावीस वर्षं फाटक्या पुस्तकांना टाके घालणारी, घरी तीन सुनांना एका भुवईवर नाचवणारी आक्का!

“माझी चिठ्ठी कुठंय?”

साहेब हसले. “आक्का, ते वाचणाऱ्यांसाठी आहे हो. तुमची शाळा दुसरीतच सुटली ना?”

“शाळा सुटली, डोळे नाही फुटले!”

वाचायची की ती. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, पण खाली उतरून ढकलायची. चिठ्ठी काही मिळाली नाही. आक्का धुमसत राहिली.

आठवड्याभरानं एक मास्तरीणबाई साहेबांच्या आवडीचा जाडजूड ग्रंथ परत घेऊन आल्या. चिठ्ठीत साहेबांनी लिहिलं होतं, ‘शेवट वाचून डोळे पाणावले.’

“पुढची पानं जोडलेलीच आहेत हो,” बाई म्हणाल्या. “शेवटापर्यंत जायचं कसं?”

पुस्तक आक्काच्या टोपलीत आलं. तिनं चाळलं. बत्तिसाव्या पानापुढं सगळी पानं कडेला जोडलेली, छापखान्यात कापायचीच राहिलेली. आत बोट शिरेना. आक्का उठली ती थेट साहेबांच्या टेबलाशी.

“साहेब, याची आपल्याकडं हीच एक प्रत ना?”

“हीच. दोनदा वाचलीय मी.”

“दोनदा! मग ही पानं न उघडता कशी वाचलीत? फटीतून डोकावून?”

‘शांतता राखा’ या पाटीखाली बसलेले वाचक अगदी शांतता राखून ऐकत होते. पहारेकरीसुद्धा जागा झाला. साहेबांनी खण उघडला आणि एक कोरी चिठ्ठी पुढं सरकवली.

आक्कानं बोक्याच्या गोष्टीचं एक पातळ पुस्तक निवडलं आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं: ‘हे मी नऊदा शिवलं. न आवडता कोण एवढं फाडतं? म्हणून वाचलं. सहा महिने लागले. बोका वाचतो.’

नोंदींची बाई खुदकन हसली. “बोकापण वाचतो?”

“वाचतो गं बाई. विहिरीत पडतो, तिथनं.”

चिठ्ठी फळ्यावर लागली. साहेबांनी हळूच आपली काढायला हात घातला, तशी आक्का कडाडली,

“राहू द्या, साहेब! फोटो तरी खरा आहे. दात दाखवलेत बत्तीस आणि पानं वाचलीत बत्तीस!”