चौथ्या रविवारची कालवं

लवूने सलग चौथ्या रविवारी कालवं मागितली, तशी भांडुपच्या बाजारातल्या मथुरा कोळणीने कोयता खाली ठेवला. कालवं खाल्ली की बिछान्यातली गेलेली ताकद परत येते, असं लवूला कुणीतरी सांगितलं होतं.

"शुगर हाय ना रे तुला?" तिने विचारलं.

"दहा वर्षं झाली. हळू बोल गो, मथुराबाय!"

"माझ्या नवऱ्याला, धर्माला पण हाय. वर्षभर माझ्या पाटीतली कालवं फुकट खाल्ली त्याने. नुसतं पोट सुटलं! शेवटी डॉक्टरकडे नेला. त्याने आधी शुगर खाली आणली, हार्ट तपासला, मग गोळी दिली. आता झकास चाललंय आमचं."

लवूचे कान लाल झाले. "कुठला डॉक्टर?" त्याने बोंबलांकडे बघत विचारलं.

मथुराने पाटीखालून एक ओलसर चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर डॉक्टरचं नाव आणि मंगळवारची वेळ लिहिलेली होती. अक्षर लवूच्या बायकोचं होतं.

"अनुपमा कालच ठेवून गेली," मथुरा म्हणाली. "बोलली, मी पण येते बरोबर. फक्त ती कालवं आणू नको म्हणावं, त्यातली शिंपल्यांची कच काढून काढून माझे हात सोलवटलेत."