उतरती लाली

केतकीच्या गालांना लावलेली लाली लग्नाच्या सकाळी हनुवटीवरून गळ्यावर उतरली, आणि तिथेही थांबली नाही. घामाने म्हणाल तर तसं नव्हे. ती आपली आपण चालत होती. खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून खाली, आणि मग पिवळ्या अष्टपुत्रीच्या आड दिसेनाशी झाली. पार्लरवाली बाई दोनदा लावून बघून डबी टेबलावर ठेवून जेवायला निघून गेली. आता ब्रश केतकीच्या आईच्या, प्रमिलाच्या हातात होता.

प्रमिलाने जरा दाबून लावली. पुन्हा तेच. शेवटी तिने लेकीला पाय पुढे करायला सांगितलं. सगळी लाली तळपायांत जाऊन बसली होती.

"मी तुला आषाढातच सांगितलं होतं," केतकी म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाहीये."

"तेव्हा कार्यालय ठरलं होतं."

"हो. तेही तू सांगितलं होतंस."

याला भांडण म्हणता येणार नाही. केतकी गौरीहरापुढच्या पाटावरून उठली, मुंडावळ्या सोडून तांदळावर ठेवल्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडली. भात उतरवणाऱ्या आचाऱ्याने बाजूला सरून तिला वाट दिली. तिच्यामागे फरशीवर लाल पावलं उमटत गेली, थेट एस.टी. स्टँडच्या रस्त्यापर्यंत.

प्रमिलाला राग यायला हवा होता. आला तो हेवा. तिच्या लग्नात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग मात्र तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गाडी सुटायला अजून अवकाश होता. ही पावलं कुणी बघितली की पोरीला दंडाला धरून परत आणतील. तिने पदर खोचला, गुडघ्यांवर बसली आणि ओल्या फडक्याने एकेक पाऊल पुसत गेली. फडकं स्वच्छच राहिलं. रंग तिच्या गालांवर चढत होता, आणि तिथे मस्त मुक्काम ठोकून बसत होता.

ती खोलीत परतली तर मुलाची आत्या दारात उभी.

"अगं, मोकळ्या कपाळाने काय हिंडतेस?" असं म्हणत आत्याने तांदळावरच्या मुंडावळ्या उचलून तिला बांधल्या.

"मी मुलीची आई आहे," प्रमिला म्हणाली.

"होशील हो," आत्या म्हणाली. "एवढी घाई काय आहे?"

तेवढ्यात भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा म्हणजे प्रमिलाचा सख्खा धाकटा भाऊ विश्वास. हा तरी ओळखेल, असं तिला वाटलं. विश्वासने तिचा हात धरला, "चल बाळा" म्हणाला आणि तिला बोहल्याकडे घेऊन निघाला. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने तुळशीला पाणी घालायचं असतं, त्यामुळे आई कुठे आहे याची चौकशीही कुणी केली नाही. प्रमिला एक शब्द बोलली असती तर सगळा घोळ मिटला असता. पण मग माणसं स्टँडकडे धावली असती. तिने हार हातात घेतला आणि अंतरपाटामागे उभी राहिली.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. अंतरपाट दूर झाला. मुलगा केतकीच्याच वयाचा होता, जरा भेदरलेला. हार घालण्याआधी तो थोडा पुढे झुकला.

"एक विचारू का?" तो हळूच म्हणाला. "हे लग्न तुमच्या मनाने होतंय ना?"

वाजंत्री वाजायला हवी होती, ती वाजली नाही. सगळ्यांत पुढे प्रमिलाचा नवरा मनोहर उभा होता. लेक सासरी निघाली म्हणून त्याचे डोळे भरले होते. अक्षतांची मूठ तशीच वर धरून तोही उत्तराची वाट बघत होता.