चाखणं म्हणजे खाणं नव्हे

माझी बहीण लिना एक्क्याण्णव किलोची होती आणि मला तिची किडनी हवी होती. असं सरळ सांगितलं की लोक दचकतात. दचकू देत. मी शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी बाई, गोल गोल बोलणं मला जमत नाही. माझ्या दोन्ही किडन्या संपल्या होत्या. साडेतीन वर्षं आठवड्यातून तीनदा तालुक्याच्या गावी जाऊन मशीनवर रक्त धुऊन घेत होते. हाताच्या शिरा दोनदा निकामी झाल्या, मग मानेत नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "एर्मेलिंदाबाई, ही नळीसुद्धा किती दिवस साथ देईल ते मी सांगू शकत नाही."

घरात फक्त लिनाचं रक्त जुळलं. खरं नाव दिओसेलिना, पण माझ्या मांडीवर वाढली म्हणून मी ठेवलेलं लिनाच राहिलं. बुकारामांगा शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिचं सगळं तपासलं. हृदय उत्तम, साखर उत्तम. शेवटी काट्यावर उभं केलं आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"त्र्याहत्तरच्या आत यावं लागेल. इतकं वजन असताना एक किडनी काढून घेणं तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे. सात महिन्यांनी आमची समिती बसेल."

"अठरा किलो?" लिनाने विचारलं.

"अठरा."

"एवढंच ना, देते," असं लिना म्हणाली, जणू कुणी वाटीभर मीठ मागितलं होतं. बाहेर आल्यावर मात्र बाकावर बसून रडली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि मग जो तो वैद्य झाला. औषधाच्या दुकानातली बाई, बसचा ड्रायव्हर, प्रार्थना संपल्यावर खुद्द पाद्रीबाबा, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, गूळ बंद, अरेपा बंद, बटाटा बंद, भात बंद. आता लिनाचं घर म्हणजे गुऱ्हाळ. सुआरेस नदीच्या या खोऱ्यात आम्ही पिढ्यान् पिढ्या ऊस गाळतो आणि तान्ह्या पोरालाही गुळाचं पाणी पाजतो. तीस वर्षं त्या काहिलींपाशी उभं राहून पाक बघणारी ती. तिचा नवरा बेलार्मिनो ऊस तोडून खेचरांवर लादतो, चरकात घालतो, पण पाक कधी उतरवायचा हे फक्त लिना सांगते.

तिने त्याच दिवशी सगळं बंद केलं. अरेपा तर तिचा जीव की प्राण. मक्याची ती जाड भाकरी तव्यावर टाकल्याचा नुसता वास आला तरी ती घराबाहेर जाऊन उभी राहायची. मला बघवत नसे.

पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो उतरलं. आम्ही दोघी फोनवर पोरींसारख्या हसलो. पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी माझ्याकडे असं काही बघितलं की जणू सारं श्रेय त्यांचंच. आणि मग काटा अडला. सत्त्याऐंशी. पुढच्या आठवड्यात सत्त्याऐंशी. त्याच्या पुढच्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी.

"चोरून खातेस," मी म्हटलं.

"आईची शपथ ताई, अरेपाचा तुकडा तोंडात गेला नाही."

"मग हवा खाऊन फुगतेस का?"

माझी जीभ अशी आहे, सुटली की सुटली. दोन महिने असे गेले. तिचा चेहरा उतरला, वजन मात्र नाही. मग एका दुपारी बेलार्मिनो माझ्या दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"ताई, तिला तुम्हीच सांगा. आज काहिलीपाशी तिला चक्कर आली. मी मागून धरलं म्हणून. नाहीतर उकळत्या पाकात गेली असती."

माझ्या हातातलं शिवण खाली पडलं. मी तशीच त्याच्याबरोबर गेले आणि दारातूनच ओरडले, "नको मला तुझी किडनी. ऐकतेस का? मशीनवर मरेन, पण तुला भाजू देऊन जगायचं नाही मला."

लिना खाटेवर पडली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तू मरायचं की नाही हे मी ठरवणार," ती म्हणाली. "ओरडू नकोस, डोकं दुखतं."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच आरोग्य केंद्रात नेलं. तिथे युरानी नावाची आहार सांगणारी मुलगी नवीन आली होती. मला वाटलं, ही काय सांगणार, अजून दुधाचे दात पडले नसतील. तिने लिनाला विचारलं, काय काय खाता? लिनाने यादी सांगितली. सकाळी चार अंडी आणि चीज. दुपारी डुकराची तळलेली कातडी, एक अख्खं आवोकाडो, शेळीचं मटण. भूक लागली की शेंगदाणे. आणि मोसम होता म्हणून भाजलेल्या ढुंगणवाल्या मुंग्या, आमच्या खोऱ्यातला आवडता खाऊ, पिशवीच्या पिशवी. "त्यात साखर नसते ना," लिना म्हणाली.

"साखर नसते, पण तेल किती असतं," युरानी म्हणाली. "आणि कामावर काय खाता?"

"कामावर कुठली खाते. कामावर काम करते."

युरानीने मान हलवली आणि म्हणाली, "दिओसेलिनाबाई, घरी जाऊन तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं मोजा. काही बंद करू नका, नुसतं मोजा." मोजायचं म्हटल्यावर मी पुढे झाले. मोजण्यात माझा हात धरणारं खोऱ्यात कुणी नाही. मशीनवरचा माणूस पाण्याचा घोटसुद्धा मोजून पितो, आणि माझ्याकडे ग्रामचा काटा होता.

मशीनचा वार नव्हता त्या दिवशी मी काटा घेऊन गुऱ्हाळात जाऊन बसले. चरक सकाळी सुरू झाला. रस काहिलीत आला, मळी काढली, खाली चिपाडांचा जाळ, पाक घट्ट होत शेवटच्या काहिलीत पोचला. लिनाने उलथन्याने थेंब घेऊन गार पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी केली, तोंडात टाकली. "अजून नाही," म्हणाली. थोड्या वेळाने परत गोळी, परत तोंडात. तिसऱ्या गोळीला हात वर केला आणि बेलार्मिनोने काहील उतरवली. साच्यात गूळ ओतला गेला. कडेला लागलेली खरवड लिनाने बोटाने पुसून घेतली आणि चाटली. मग पुढचा घाणा आणि परत तेच सगळं.

मला लहानपणापासून हे दृश्य पाठ आहे. आमची आई असंच करायची, आजी असंच करायची. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर काटा होता, म्हणून असेल, ते मला पहिल्यांदा दिसलं.

"लिना," मी म्हटलं, "ती गोळी तोंडात टाकू नकोस. या वाडग्यात टाक."

"वाडग्याला काय कळणार पाक झाला का?"

"चावून बघ, थुंक, आणि तेवढीच दुसरी गोळी वाडग्यात टाक. बोटाने चाटशील तेही. आज दिवसभर."

"वेड लागलं तुला."

"लागू दे. टाक."

ती कुरकुरत राहिली, पण टाकत राहिली. त्या दिवशी बारा घाणे निघाले. ऊन कलताना मी वाडगा काट्यावर ठेवला. वाडग्याचं वजन वजा केलं. चारशे दहा ग्राम गूळ. मी काटा पुसून परत मांडला, परत तेच.

लिना वाकून बघत होती. "हे मी खाते?" तिने विचारलं. "रोज? ताई, मी तर गूळ सोडलाय. शप्पथ घेऊन सोडलाय."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे कुणीच त्याला खाणं म्हणत नाही. ते काम असतं. उपासाच्या दिवशीसुद्धा गुऱ्हाळातली माणसं गोळी चाखतात आणि पाद्रीबाबांना त्यात काही वावगं वाटत नाही. बेलार्मिनो दाढी खाजवत म्हणाला, "मग मी का नाही फुगलो? मीही चाखतोच की."

"तू दिवसभर खेचरामागे डोंगर चढतोस," मी म्हटलं. "तुझं सगळं जळतं. ती काहिलीपाशी उभी असते."

तो खेचरांना पाणी दाखवायला गेला.

युरानीला मी तो वाडगाच नेऊन दाखवला. तिने हिशेब केला. या गुळात एका धट्ट्याकट्ट्या बाईचं जवळजवळ दिवसभराचं जेवण होतं. त्यावर ती कातडी, त्या मुंग्या. "आणि एवढं असून भाकरीच्या नावाने उपाशी," युरानी म्हणाली. "नुसत्या गुळाने रक्तातली साखर एकदम चढते आणि एकदम उतरते. म्हणून चक्कर."

"म्हणजे आता अरेपा कायमचा गेला," लिना म्हणाली.

"उलट. अरेपा सुरू करा. सकाळी एक, दुपारी अर्धा. बटाटा खा, मुठीएवढा. सकाळी गुळाचं पाणी एक पेला, घोटाघोटाने प्या."

लिना तिच्याकडे बघत राहिली. "गूळ चालतो? मग सगळं गाव खोटं बोलतं?"

"खोटं नाही. काही लोकांना भात-साखर अजिबात बंद करणंच सोपं जातं, त्यांचं वजन उतरतं. पण त्यात जादू काही नाही. त्यांचं एकूण खाणं कमी होतं म्हणून उतरतं. तुमचं एकूण कमी झालंच नाही. पाप-पुण्याचं पाद्रीबाबांना विचारा, मला फक्त किती ते विचारा."

तिच्या दुधाच्या दातांबद्दल मी मनातल्या मनात माफी मागितली.

पण आता खरी पंचाईत होती. गोळी चाखायची नाही तर पाक कळणार कसा? तीस वर्षं तिच्या जिभेवर तो धंदा चालला होता. पहिल्या दिवशी तिने बोटांवर भरवसा ठेवला आणि दोन घाणे कच्चे उतरले. गूळ साच्यातून निघेना, चिकटपणे लोंबत राहिला. दुसऱ्या दिवशी एक घाणा करपला. मी म्हटलं, लिना, चाखून थुंकत जा. ती म्हणाली, "थुंकवत नाही ताई. तोंडात गेलं की गिळलंच जातं. मला माहीत आहे ना मी कशी आहे."

आठ-दहा दिवसांनी मी गेले तेव्हा ती काहिलीपाशी डोळे मिटून उभी होती. मला धडकीच भरली, परत चक्कर आली की काय. तर तिने हात वर करून मला गप्प केलं. पाकाचे बुडबुडे फुटत होते, मला नुसता खदखदाट ऐकू येत होता. तिने पाकाची तार गार पाण्यात सोडली, कडक झालेला तुकडा उचलला आणि पत्र्याच्या पेल्यावर टाकला. टक्. "अजून नाही," म्हणाली. परत ऐकत उभी. परत तुकडा, आणि या वेळी आवाज वेगळा होता, काचेवर नख आपटावं तसा. लिनाचा हात वर गेला. काहील उतरली, आणि साच्यातून जो गूळ निघाला तो मोहरीच्या फुलासारखा पिवळाजर्द होता.

मी तिथे बसून राहिले. हिला मी नाक पुसायला शिकवलं होतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी तिने आयुष्यभराची जीभ बाजूला ठेवली आणि कान नव्याने घडवले, कशासाठी, तर मी जगावं म्हणून. मला तिची भीती वाटली, खरं सांगते. देवळात मोठ्या वेदीपुढे वाटते तशी.

वजन उतरू लागलं. धावत नाही, चालत. आठवड्याला अर्धा किलो, कधी पाऊण, कधी एक. एक आठवडा काहीच नाही, तेव्हा मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि ती ढाराढूर झोपली. संध्याकाळी ती टेकडीवरच्या क्रूसापर्यंत चालून येई. सकाळी अरेपा खाताना डोळे मिटून घेई, इतक्या सावकाश चावे की मीच म्हणायचे, आवर आता.

समितीच्या दिवशी बुकारामांगाला तिला काट्यावर उभं केलं तेव्हा तिने कानातल्या बाळ्याही काढून माझ्या हातात दिल्या. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला. बहात्तर किलो सातशे.

"काय काय बंद केलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," लिना म्हणाली. "सगळं थोडं थोडं ठेवलं."

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात झाली. शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटात जडशीळ काहीतरी ठेवल्यासारखं वाटत होतं. सिस्टरने वाकून माझ्या कानात सांगितलं, "टेबलावरच सुरू झाली, बाई. रक्त जोडल्याबरोबर." मला कळेना काय सुरू झालं. तिने खाटेखाली अडकवलेली पिशवी उचलून दाखवली.

चार वर्षांत मला लघवी झाली नव्हती. एक थेंब नाही. माणूस ते विसरूनच जातो, शरीराला असं काही काम होतं हेच विसरतो. आणि आता ती पिशवी निम्मी भरलेली होती, कोमट, आणि मी बघत असतानाच नळीतून आणखी थेंब येत होते, एकामागून एक, कुणी न सांगता. मी झोपले होते तेव्हाही लिनाची किडनी काम करत होती. मी छातीवर हात फिरवून क्रूसाची खूण केली, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिनाला खुर्चीवर बसवून माझ्या खोलीत आणलं. एका हाताने टाके धरून ती वाकली आणि पिशवीकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "किती सुंदर आहे गं."

मुताच्या पिशवीला जगात कुणी सुंदर म्हटलं असेल असं मला वाटत नाही. एरवी मी तिला वेड्यात काढलं असतं. पण मी बघितलं, आणि ती होतीच सुंदर.