गाती गाडी आणि ओल्मानची वरात

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे, आणि जरा गर्विष्ठही आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावे ठेवायला नको.

कोस्टा रिकाच्या कॉफीच्या डोंगरात माझा जन्म झाला. माझी चाके भरीव आहेत, आणि नारंगी रंगावर पानाफुलांची नक्षी आहे. पण रंग काय, कुणालाही लावता येतो. माझे खरे धन माझा आवाज. चाक फिरले की त्याच्या मधोमधचा तुंबा आसाच्या लोखंडावर आपटतो आणि खणखणीत नाद उठतो. प्रत्येक गाडीचा नाद निराळा. वळणावर माझा नाद आला की माझी मालकीण आयदे चुलीवर मक्याची तोर्तिया टाकायची. मालक एलिएसेर दारात येईपर्यंत ती फुगलेली असायची.

पुढे ट्रक आले. कॉफीची पोती माझ्यावरून उतरली आणि कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. माझ्यासारखीवर काय वेळ आली! तरी एक मान उरला. आमच्या घरची वरात माझ्यातूनच निघे. थोरली लेक योर्लेनी लग्न करून माझ्यात बसली, तेव्हा खांद्यावर बैल हाकायची पराणी टाकून त्यांच्यापुढे चालणाऱ्या एलिएसेरची छाती गावात मावत नव्हती.

धाकटा ओल्मान. माझा उडालेला रंग त्यानेच पुन्हा भरला. डबा धरायला ग्रेविन यायचा. तो शाळामास्तर. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते आणि शहरात त्यांनी संसार मांडला होता. गाव त्याला ‘ओल्मानचा मित्र’ म्हणे, तेही ओठ मुरडून. कोपऱ्यावरचा दुकानदार तर एलिएसेरला मुद्दाम विचारी, “सूनबाई दाढी करते का हो?” एलिएसेर मान खाली घालून मीठ-साखर घेई आणि चालू लागे. घरी आल्यावर राग बैलांवर निघे.

एकदा ग्रेविनला इस्पितळात ठेवले. दारावर ओल्मानला विचारले, “तुम्ही पेशंटचे कोण?” उत्तर होते, पण कायद्यात बसत नव्हते. तो बाहेरच उभा राहिला. म्हणूनच, पुढे कायदा बदलला तेव्हा त्याने वेळ घालवला नाही. बापाला म्हणाला, “पापा, आम्ही लग्न करतोय. वरात आपल्या गाडीतून निघाली पाहिजे.”

लग्नाचा विषय निघाला की एलिएसेर उठून गोठ्यात जाई. आयदेने त्याच्याशी बोलणे टाकले, तेव्हा कुठे हो म्हणाला.

लग्नाच्या सकाळी तो एकटाच गोठ्यात आला. हातात चिंध्या होत्या आणि चरबीचा डबा. माझ्या दोन्ही तुंब्यांत त्याने चरबीत बुडवलेल्या चिंध्या ठासून भरल्या. त्याला वरात काढायची होती, पण कुणाला ऐकू जाऊ द्यायची नव्हती. मित्रांनो, कोंबड्यांनी घाण केली तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते.

योर्लेनीच्या अंगणात वकीलबाईंनी लग्न लावले. दोघांनी सह्या केल्या, आयदे रडली, आणि ते माझ्यात बसले. मी मुकाट निघाले. ओल्मानला चाकाकडे एकदा पाहिल्याबरोबर कळले.

चौकाच्या अलीकडे म्हातारा नाउतिलियो भेटला. तोही जन्मभर गाडीवान. तो बैलांच्या आडवाच उभा राहिला.

“एलिएसेर, गाडी मुकी का रे? चोरून नेतोयस की काय?”

एलिएसेर थांबला. मागून ओल्मान हळूच म्हणाला, “राहू द्या, पापा. चाललीय तशी चालू द्या.”

बापाला त्या शब्दांनी घायाळ केले. पोराने भांडण केले असते तर परवडले असते. त्याने पराणी नाउतिलियोच्या हातात दिली आणि पांढऱ्याशुभ्र शर्टासकट धुळीत गुडघे टेकले. बोटे घालून चिंध्या ओढू लागला. मग मान वर न करताच म्हणाला,

“जावईबापू, पलीकडचं चाक तुम्ही घ्या.”

ग्रेविनला क्षणभर कळेचना की हाक त्यालाच आहे. कळले तसा तो उडी मारून उतरला. आयदे एवढ्या मोठ्याने हसली की बैल बिचकले.

मग मी गायले. देवळावरून गायले, शाळेवरून गायले. दारे उघडली, माणसे ओट्यांवर आली. कुणी हात हलवले, कुणी तोंडे फिरवली. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “वरात दिसतेय. नवरी कुठाय?”

एलिएसेरचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सगळ्यांना नीट ऐकू जावे म्हणून त्याने बैल थांबवले.

“नवरी नाही. दोन नवरे आहेत. एक माझा मुलगा, दुसरा माझा जावई. आता मीठ तुमच्याकडून घ्यायचं की दुसरं दुकान बघायचं, ते तुम्हीच सांगा.”

मित्रांनो, गाडीला वंगण जरूर घाला, पावसात उभी करू नका. पण घरातले कुणी आनंदाने निघाले असेल, तर त्याच्या चाकात चिंध्या कोंबू नका. आणि कोंबल्याच असतील, तर शर्टाचा विचार न करता काढा. एलिएसेरच्या शर्टावरचे डाग काही गेले नाहीत. आता सणावाराला तो तोच शर्ट घालतो.