हात लागेपर्यंत उताणं

पोरांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही एका मोठ्या चौकोनी बारवेत पाण्यावर उताणे पडला आहात. कानांत पाणी, डोळ्यांसमोर नुसतं आभाळ. पाय मारले की डोक्याच्या दिशेनं सरकायचं. झकास वाटतंय ना? मग सांगा बरं, मागची दगडी भिंत किती लांब आहे? नाही सांगता येत? तर मग तुमचंही कासासारखंच होणार. खट्ट! आपटलं डोकं.

ही कासा राणीसावरगावच्या बिरू धनगराची नात. गोष्ट निजामाच्या राज्यातली आहे. कासा उताणीच का पोहायची, याचं खापर तिच्या आज्याच्या डोक्यावर फोडावं लागेल. तेव्हा पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधत. बिरूचा जन्म गेला माळावर, मेंढरांमागं. गुडघ्याच्या वर पाणी त्यानं कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं. पण नुकतं जन्मलेलं कोकरू घरी कसं आणायचं, ते त्याला पक्कं ठाऊक. छातीशी, झोळीत. त्यानं भोपळाही नातीच्या छातीशी तसाच बांधला आणि दिली सोडून पाण्यात. कासा तरंगली, पण पोट आभाळाकडं करून. पुढं भोपळा सुटला, तरी पोरगी पालथी व्हायला तयार नाही!

उन्हाळ्यात दुपारी सगळी पोरं बारवेत उतरत. कासा उताणी येई आणि कुणाच्या तरी पाठीत डोकं घुसवी. सगळ्यांत जास्त मार बसे तो दिनकररावांच्या पोराला, भुजंगला. एके दिवशी नाक चोळत तो ओरडला, “ए उताणे! बारव हाय का तुझ्या आज्याचा माळ? उद्यापासून पोरींनी पाय ठेवायचा न्हाई हितं!”

“आन् आमी ठेवला तर?” कासा पाण्यातूनच म्हणाली.

“आधी सरळ पवायला शीक. उताणं काय, मेलेला बेडूकबी पवतो!”

“मग तू पवून दाव की. उताणं. माझ्यासंगं.”

पायरीवर बसलेल्या पोरी हसल्या. त्या हसल्या नसत्या, तर भुजंगनं कदाचित सोडून दिलं असतं. “लागली शर्त,” तो म्हणाला. “तू हारलीस, तर एकबी पोरगी बारवेत उतरायची न्हाई.”

“आन् तू हारलास, तर पुन्ना असं बोलायचं न्हाई.”

फैसला करायला आले व्यंकटराव मास्तर. ते हैदराबादेत शिकवत आणि सुट्टीत गावी येत. तिथल्या शाळांच्या शर्यती त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी दोघांना पायरीवर बसवलं.

“नीट ऐका. पायरी धरून, उताणं होऊन निघायचं. समोरच्या मोटेच्या भिंतीला हात लागेपर्यंत उताणंच राहायचं. हात लागला की गरकन वळा, गोल फिरा, काय वाटेल ते करा. पण पाय भिंतीपासून सुटताना पाठ पुन्हा पाण्याकडं हवी. परत येतानाही तसंच. पायरीला हात लागायच्या आधी जो पालथा होईल, तो बाद.”

“पण मास्तर,” भुजंग म्हणाला, “पालथं झाल्याबिगर भिंत दिसायची कशी?”

“तोच तर खेळ आहे, बाळ.”

कासानं डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं. हे कोडं तिचं जुनंच होतं. मोटेच्या बाजूला अडचण नव्हती. तिथं मोटेचं लाकडी चाक पाण्यावर पुढं आलेलं असे. ते डोळ्यांवर आलं की भिंत आलीच. पण पायरीकडं वर काहीच नव्हतं, नुसती लिंबाची एक लांब फांदी. कासानं आज्याचं लाल मुंडासं मागून घेतलं आणि फांदीवर टांगलं, पायरीच्या जरा अलीकडं.

“माझ्या डोईला ऊन लागायलंय की गं,” बिरू म्हणाला.

“हात धर डोईवर, आज्या. पोरींच्या बारवेची गोष्ट हाय.”

भुजंगनं मुंडासं पाहिलं आणि ते कशासाठी आहे, ते ओळखलं. तो गालात हसला. खूण काय एकटीच्या बापाची आहे? आपणही बघू की! पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आणि तिथंच घोळ झाला.

कारण भुजंगचा जिवलग ग्यानबा काठावर होता. जीभ भारी तिखट. पाण्यात मात्र कधी उतरत नसे. दोघं पायरी सोडून निघाले, तसा ग्यानबा लिंबावर चढला. दोस्ताला मदत करायची म्हणून त्यानं मुंडासं उचललं आणि फांदीच्या पार टोकाला, बारवेच्या जवळजवळ मध्यावर नेऊन अडकवलं.

इकडं पाण्यात भुजंगच पुढं. अंगात जोर होता त्याच्या. चाक दिसलं, हात लागला, गरकन वळला, पुन्हा उताणा. मास्तरांनी मान डोलावली. मागून कासा आली, वळली. पोरी ओरडायला लागल्या, “कासे, हाण! पाय हाण!”

कासाच्या कानांत पाणी, तिला काय ऐकू येणार? ती आभाळाकडं बघत होती आणि एकाएकी लाल मुंडासं दिसलं. इतक्यात? तिला वाटलं, आली पायरी. हात मागं नेणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की तोंडावर अजून ऊन आहे.

दुपारी पायरीमागच्या उंच काठाची सावली पाण्यावर पडते. डोकं आपटायच्या आधी दर वेळी तोंड थंड पडायचं, हे तिला माहीत होतं. मुंडासं हलवता येतं. सावली कोण हलवणार? ती पाय मारत राहिली.

पुढं गेलेल्या भुजंगनं मात्र तेच मुंडासं पाहून जिंकल्याच्या खुशीत हात मागं टाकला होता. पायरी नाही! पुन्हा चाचपलं. पाणीच पाणी. “पायरी कुठं गेली रं?” म्हणत तो पटकन पालथा झाला.

“भुजंग बाद!” मास्तर ओरडले.

कासाच्या तोंडावर गारवा आला. तिनं हात लांब केला आणि बोटांना शेवाळलेला दगड लागला.

पोरींनी धडाधड उड्या टाकल्या. भुजंग पाण्यात उभाच हात मारत फांदीकडं बघत होता. “मुंडासं कुणी हलवलं?”

वर लिंबाच्या पानांत सळसळ झाली. “म्या... तुझ्यासाठीच की रं,” ग्यानबाचा बारीक आवाज आला.

“अरे गाढवा, मीबी त्येच बघून येत होतो!”

मास्तर पोट धरून हसले. बिरू एका हातानं टक्कल झाकून दुसऱ्या हातानं मुंडासं मागत होता. ग्यानबा ते घेऊन हळूहळू खाली उतरला. आता पळावं की माफी मागावी, हे त्याला ठरवता येईना. “मला न्हाई पवायला येत,” तो कुणी न विचारताच म्हणाला.

कासा ओली निथळत पायऱ्या चढली. काठावर तिचा जुना सुका भोपळा पडला होता. तिनं तो उचलला आणि ग्यानबाच्या छातीशी, कोकरू बांधतात तसा, घट्ट बांधायला घेतला.